सांकेतिक भाषेचे प्रश्न : फरकाची ओळ आधी, नियम नंतर

पोलीस भरतीची लेखी परीक्षा असो, रेल्वे भरती मंडळाची असो किंवा कर्मचारी निवड आयोगाची, बुद्धिमत्ता चाचणीत ‘सांकेतिक भाषा’ या प्रकरणावरचे प्रश्न सहसा असतातच. त्यांतला सर्वांत परिचित प्रकार म्हणजे अक्षरे पुढे किंवा मागे सरकवून तयार केलेला संकेत. ‘एका सांकेतिक भाषेत अमुक शब्द असा लिहितात, तर तमुक शब्द कसा लिहाल?’ अशी त्याची ठरलेली भाषा असते आणि खाली चार पर्याय असतात. संपूर्ण वाक्यांना संकेत देऊन त्यांतला एकेक शब्द ओळखायला लावणारे प्रश्न याच प्रकरणात येतात, परंतु त्यांची रीत निराळी असल्यामुळे ते येथे घेतलेले नाहीत.

या प्रश्नांत चुका होतात त्या बेरीज-वजाबाकी येत नाही म्हणून क्वचितच. बहुतेक उमेदवार पहिली दोन अक्षरे पाहतात, नियम सापडला असे मानतात आणि लगेच उत्तराकडे वळतात. प्रश्न रचणाऱ्याला ही घाई ठाऊक असते आणि चार पर्यायांपैकी एक पर्याय तो तिच्यासाठीच ठेवतो. म्हणून या लेखात एकाच सवयीवर भर दिला आहे, ती म्हणजे शेवटच्या अक्षरापर्यंत फरक मांडल्याशिवाय नियमाला नाव द्यायचे नाही.

पुढची उदाहरणे मुंबईतल्या ठिकाणांच्या इंग्रजी स्पेलिंगवर बेतली आहेत, कारण ती स्पेलिंगे स्थानकांच्या पाट्यांवर आणि बसथांब्यांवर रोज दिसतात. इंग्रजी अक्षरे येथे त्यांच्या नावाने लिहिली आहेत. वाचताना पेन्सिल हातात ठेवून ती कागदावर अक्षररूपात उतरवून घ्यावीत. नुसते वाचून हे प्रकरण हाताखालून जात नाही.

अक्षरांचे क्रमांक

इंग्रजी वर्णमालेतल्या २६ अक्षरांचे क्रमांक न अडखळता सांगता येणे ही पहिली पायरी आहे. ‘ए’पासून बोटांवर मोजत ‘आर’पर्यंत जाणाऱ्याचा वेळ तर जातोच, शिवाय मध्येच एखादे अक्षर निसटते. क्लासेसमध्ये यासाठी ‘ईजोटी’ हा शब्द पाठ करून घेतात आणि तो खरोखर उपयोगी आहे : ई ५, जे १०, ओ १५, टी २०, वाय २५. ही पाच ठाणी पक्की झाली, की कोणतेही अक्षर आपल्या जवळच्या ठाण्यापासून फार तर दोन घरे दूर असते. अपवाद फक्त ‘ए’ आणि ‘बी’चा, आणि त्यांचे क्रमांक कोणाला शिकवावे लागत नाहीत. ‘आर’ म्हणजे ‘टी’च्या दोन घरे आधी, म्हणून १८. ‘क्यू’ म्हणजे ‘ओ’नंतर दोन घरे, म्हणून १७. ‘व्ही’ म्हणजे ‘टी’नंतर दोन, म्हणून २२.

याचा सराव लोकलमध्ये चांगला होतो. दाटीत वही उघडता येत नाही, पण समोरच्या जाहिरातीतला एखादा इंग्रजी शब्द घेऊन त्याचे क्रमांक मनात म्हणत जाणे जमते. हे क्रमांक पाढ्यांसारखे तोंडी येईपर्यंत पुढच्या क्लृप्त्यांच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी तयारी विरुद्ध अक्षरांची. वर्णमालेत सुरुवातीपासून जितक्या क्रमांकावर एखादे अक्षर असते, तितक्याच क्रमांकावर शेवटून असणारे अक्षर म्हणजे त्याचे विरुद्ध अक्षर. अशा १३ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीच्या क्रमांकांची बेरीज २७ असते. निम्म्या जोड्या मुंबईकराला फारसे श्रम न घेता लक्षात राहतील : ए-झेड म्हणजे आझाद मैदान, बी-वाय हा रेल्वेचा भायखळा स्थानकासाठीचा संकेतच आहे, ई-व्ही म्हणजे विजेवर चालणारी बस, जी-टी म्हणजे जी. टी. रुग्णालय, एच-एस म्हणजे हायस्कूल, आय-आर म्हणजे भारतीय रेल्वे, एल-ओ म्हणजे लोअर परळमधले पहिले दोन वर्ण. एम-एन ही जोडी तर वर्णमालेच्या बरोबर मध्यावर शेजारी-शेजारी आहे. उरलेल्या पाचांसाठी (सी-एक्स, डी-डब्ल्यू, एफ-यू, जे-क्यू, के-पी) ओढूनताणून शब्द जुळवण्यापेक्षा २७मधून क्रमांक वजा करणे सोपे.

फरकाची ओळ कशी मांडावी

प्रश्न असा समजू : दादर हे नाव, म्हणजे डी-ए-डी-ए-आर, एफ-सी-एफ-सी-टी असे लिहिले, तर ठाणे, म्हणजे टी-एच-ए-एन-ई, कसे लिहाल?

कच्च्या कागदावर मूळ शब्द सुट्या अक्षरांत लिहावा. त्याच्या खाली संकेताचे प्रत्येक अक्षर आपापल्या जागी लिहावे. तिसऱ्या ओळीत संकेताच्या क्रमांकातून मूळ अक्षराचा क्रमांक वजा करून येणारा फरक चिन्हासह लिहावा. ‘डी’ ४ आणि ‘एफ’ ६, म्हणून +२. ‘ए’ १ आणि ‘सी’ ३, म्हणून +२. आणि असेच शेवटपर्यंत. पाचही फरक +२ आले, म्हणजे नियम मिळाला. आता ‘टी’चे ‘व्ही’, ‘एच’चे ‘जे’, ‘ए’चे ‘सी’, ‘एन’चे ‘पी’, ‘ई’चे ‘जी’, म्हणजे उत्तर व्ही-जे-सी-पी-जी.

वजाबाकीची दिशा एकदाच ठरवून घ्यावी आणि ती कधीही बदलू नये : नेहमी संकेत वजा मूळ. एका प्रश्नात अशी आणि दुसऱ्यात उलटी वजाबाकी करणाऱ्याची चिन्हे घाईत उलटतात, आणि सगळे गणित बरोबर असूनही तो चुकीच्या पर्यायावर जातो.

फरक मोठा आला तर दचकू नये. वरळी, म्हणजे डब्ल्यू-ओ-आर-एल-आय, हा शब्द बी-टी-डब्ल्यू-क्यू-एन असा लिहिला आहे. पहिला फरक २ वजा २३, म्हणजे −२१ येतो, तर बाकीचे चारही +५. येथे ‘झेड’नंतर पुन्हा ‘ए’ सुरू होतो हे लक्षात घ्यायचे : २३ अधिक ५ म्हणजे २८, त्यातून २६ वजा केले की २, म्हणजे ‘बी’. व्यवहारात एवढेच पाळावे, की फरक १३पेक्षा मोठा आला तर चिन्ह काहीही असो, त्यात २६ मिळवून किंवा त्यातून २६ वजा करून दुसऱ्या बाजूने येणारा फरक शेजारी लिहून ठेवावा. −२१च्या शेजारी +५ लिहिताच ओळ एकसारखी होते.

अक्षरे सरकवण्याची ही कल्पना दोन हजार वर्षांहून जुनी आहे. ज्युलियस सीझर आपल्या खासगी पत्रांत प्रत्येक अक्षरासाठी त्यापुढचे तिसरे अक्षर लिहीत असे, अशी नोंद रोमन चरित्रकार सुएटोनियस याने केली आहे. रोमन सम्राट ऑगस्टस एकच घर पुढे जात असे, मात्र शेवटच्या अक्षराशी पोचल्यावर तो पुन्हा पहिल्याकडे वळत नसे, दोन ‘ए’ लिहीत असे. आपल्या परीक्षांत ऑगस्टसची पद्धत चालत नाही. ‘झेड’पुढे ‘ए’ हाच संकेत सर्वत्र गृहीत धरलेला असतो.

फरक सारखे नसतील तेव्हा

कुर्ला, म्हणजे के-यू-आर-एल-ए, हा शब्द एल-डब्ल्यू-यू-पी-एफ असा दिला आहे. फरक अनुक्रमे +१, +२, +३, +४, +५. प्रत्येक जागेला एक घर अधिक सरकायचे, हा नियम उघडच आहे, आणि त्याने शिवडी, म्हणजे एस-ई-डब्ल्यू-आर-आय, टी-जी-झेड-व्ही-एन असे होईल. याच कुळातले इतर नमुने म्हणजे १, ३, ५, ७ असे विषम फरक, १, ४, ९, १६ असे वर्ग, किंवा मध्यापर्यंत वाढून पुन्हा उतरणारे १, २, ३, २, १. ओळ समोर असेल तर ते पाहताक्षणी ओळखू येतात, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही.

उलट प्रश्नाकडे मात्र लक्ष द्यावे. याच भाषेत क्यू-सी-यू-आय-क्यू हा संकेत कोणत्या शब्दाचा, असे विचारले तर फरक वजा करायचे : १७मधून १, ३मधून २, २१मधून ३, ९मधून ४, १७मधून ५. मिळतात १६, १, १८, ५, १२, म्हणजे पी-ए-आर-ई-एल, अर्थात परळ. संकेतात ‘क्यू’ दोनदा आला असला तरी एकदा तो ‘पी’चा आहे आणि एकदा ‘एल’चा. जो उमेदवार ‘क्यू म्हणजे पी’ असे समीकरण डोक्यात धरून बसतो, तो येथे फसतो.

यातून एक महत्त्वाचा प्रश्न पुढे येतो, जो प्रत्येक वेळी स्वतःला विचारावा : हा नियम अक्षराला चिकटलेला आहे, की जागेला? सर्व अक्षरे दोन घरे पुढे, किंवा प्रत्येकाचे विरुद्ध अक्षर, किंवा स्वरांना एक वागणूक आणि व्यंजनांना दुसरी, हे नियम अक्षराला चिकटलेले असतात. त्यांत एकच अक्षर शब्दात कोठेही आले तरी त्याचा संकेत तोच राहतो. वाढते फरक किंवा एकाआड एक पुढे-मागे जाणे, हे नियम जागेला चिकटलेले असतात. त्यांत अक्षराची जागा बदलली की संकेत बदलू शकतो. म्हणून दिलेल्या शब्दात एखादे अक्षर दोनदा आले असेल, तर सर्वांत आधी त्या दोन जागा पाहाव्यात. संकेत निराळे असतील तर नियम जागेचा आहे, किंवा अक्षरांची अदलाबदल झाली आहे.

संकेत तेच असतील तर मात्र लगेच निश्चिंत होऊ नये. दादरमध्ये ‘डी’ पहिल्या आणि तिसऱ्या जागी आहे, ‘ए’ दुसऱ्या आणि चौथ्या जागी. समजा नियम एकाआड एक +२ आणि −२ असा आहे, तर संकेत एफ-वाय-एफ-वाय-टी असा होतो, आणि नियम जागेचा असूनही दोन्ही ‘डी’ना ‘एफ’च मिळतो, कारण दोन्ही जागा विषम आहेत. याउलट माटुंगा, म्हणजे एम-ए-टी-यू-एन-जी-ए, या शब्दात ‘ए’ एकदा दुसऱ्या म्हणजे सम जागी आणि एकदा सातव्या म्हणजे विषम जागी आहे. त्याच नियमाने माटुंग्याचा संकेत ओ-वाय-व्ही-एस-पी-ई-सी होतो. पहिल्या ‘ए’ला ‘वाय’ मिळतो, दुसऱ्याला ‘सी’. अशी एक सम आणि एक विषम जागा मिळाली तर पुरावा भक्कम समजावा.

गोरेगावचे सातवे अक्षर

आता शेवटपर्यंत ओळ मांडण्याचा आग्रह का, ते दाखवणारे उदाहरण घेऊ. गोरेगाव, म्हणजे जी-ओ-आर-ई-जी-ए-ओ-एन, हा शब्द एच-एन-एस-डी-एच-झेड-एन-ओ असा लिहिला, तर अंधेरी, म्हणजे ए-एन-डी-एच-ई-आर-आय, कसे लिहाल?

शब्द : जी, ओ, आर, ई, जी, ए, ओ, एन
संकेत : एच, एन, एस, डी, एच, झेड, एन, ओ
फरक : +१, −१, +१, −१, +१, −१, −१, +१

पहिल्या सहा जागांवर नियम लख्ख दिसतो : एक घर पुढे, एक घर मागे. घाईतला उमेदवार तिसऱ्या-चौथ्या अक्षरालाच थांबतो, अंधेरीला तोच नियम लावतो आणि बी-एम-ई-जी-एफ-क्यू-जे हे उत्तर काढतो. ते पर्यायांत असतेही. पण सातव्या जागी +१ येण्याऐवजी −१ आले आहे आणि आठव्या जागी −१ऐवजी +१. म्हणजे जागांचा हिशेब चुकला. मग गोरेगावची अक्षरे पुन्हा पाहावीत : पहिली सहा अक्षरे व्यंजन, स्वर, व्यंजन, स्वर अशी आळीपाळीने आली आहेत आणि सातव्या जागी पाठोपाठ दुसरा स्वर आला आहे. उणे एक मिळाले आहे ते सगळ्या स्वरांना, अधिक एक ते सगळ्या व्यंजनांना. नियम जागेचा नव्हताच, अक्षराच्या जातीचा होता. त्या नियमाने ‘ए’चा ‘झेड’, ‘एन’चा ‘ओ’, ‘डी’चा ‘ई’, ‘एच’चा ‘आय’, ‘ई’चा ‘डी’, ‘आर’चा ‘एस’ आणि ‘आय’चा ‘एच’, म्हणजे अंधेरीचे उत्तर झेड-ओ-ई-आय-डी-एस-एच.

तुलनेसाठी भांडुप पाहावे : बी-एच-ए-एन-डी-यू-पी याचा संकेत सी-जी-बी-एम-ई-टी-क्यू. फरक +१, −१, +१, −१, +१, −१, +१. येथे ‘एच’ हे व्यंजन मागे गेले आहे आणि ‘ए’ हा स्वर पुढे, म्हणून स्वर-व्यंजनाची शंका तेथेच मिटते आणि नियम जागेचाच ठरतो.

स्वरांचा आणखी एक प्रकार माहीत असावा. काही प्रश्नांत स्वराच्या जागी वर्णमालेतले पुढचे अक्षर न येता पुढचा स्वर येतो : ए, ई, आय, ओ, यू आणि पुन्हा ए. अशा वेळी फरकाच्या ओळीत स्वरांखाली +४, +४, +६, +६ असे आकडे दिसतात आणि ‘यू’ खाली २६चा हिशेब धरून +६. व्यंजनांची ओळ शांत आणि फक्त स्वरांखाली चारचे-सहाचे आकडे दिसले, की हाच नियम पडताळावा.

ओळ विस्कळीत आली तर

कधी कधी फरकांत कोणताच ताल सापडत नाही. शीवच्या पाटीवरचे इंग्रजी नाव सायन, म्हणजे एस-आय-ओ-एन. त्याचा संकेत एच-आर-एल-एम दिला तर फरक येतात −११, +९, −३, −१. अशा वेळी त्याच ओळीकडे टक लावून पाहण्यात वेळ घालवू नये. वजाबाकी सोडून बेरीज करावी. १९ आणि ८, ९ आणि १८, १५ आणि १२, १४ आणि १३ : चारही बेरजा २७. म्हणजे विरुद्ध अक्षरे. बेरीज करण्याआधीच एक खूण दिसते, ती अशी की २७ ही विषम संख्या असल्यामुळे विरुद्ध अक्षरांतला फरक नेहमी विषमच येतो. सगळे फरक विषम, पण आकार आणि चिन्हे मात्र वाटेल तशी, असे दिसताच बेरजेकडे वळावे.

प्रश्न थोडा अवघड करायचा असेल तर विरुद्ध अक्षर घेऊन वर एक घर पुढे सरकवतात. मग सायनचा संकेत आय-एस-एम-एन असा होतो आणि बेरजा सगळ्या २८ येतात. २८ म्हणजे विरुद्ध अधिक एक, २६ म्हणजे विरुद्ध वजा एक. या उदाहरणात ‘एन’चा संकेत ‘एन’च आला आहे, आणि ते पाहून ‘शेवटचे अक्षर तसेच ठेवायचे’ असा नियम बनवण्याचा मोह होतो. १४ आणि १४ची बेरीज २८ होते, एवढेच त्यामागचे कारण.

बेरीजही स्थिर नसेल, तर अक्षरांच्या जागा बदलल्या असण्याचा संभव मोठा. परळचा, म्हणजे पी-ए-आर-ई-एलचा, संकेत एम-एफ-एस-बी-क्यू दिला आहे. फरक −३, +५, +१, −३, +५. बेरजा २९, ७, ३७ अशा भरकटलेल्या. आता मधले अक्षर पाहावे. शब्द उलटा लिहिला तरी विषम संख्येच्या शब्दातले मधले अक्षर आपली जागा सोडत नाही, म्हणून त्याच्याखालचा फरक हाच बहुधा खरा फरक असतो. येथे तो +१ आहे. शब्द उलटा लिहिला, एल-ई-आर-ए-पी, आणि प्रत्येक अक्षर एक घर पुढे नेले, की एम-एफ-एस-बी-क्यू तंतोतंत मिळते.

शब्द उलटा आहे की अक्षरे आणखी कोणत्या रीतीने फिरवली आहेत हे कळत नसेल, तर एक पडताळा हाताशी ठेवावा. मूळ शब्दातल्या सर्व क्रमांकांची बेरीज घ्यावी (परळसाठी ५२), संकेताची घ्यावी (५७), आणि दोहोंतला फरक अक्षरांच्या संख्येने भागावा. ५ भागिले ५ म्हणजे १. सगळी अक्षरे सारखीच सरकली असतील, तर त्यांच्या जागा कशाही फिरवल्या असल्या तरी हा भागाकार किती घरे सरकली ते सांगतो. एखादे अक्षर ‘झेड’ ओलांडून ‘ए’कडे गेले असेल तर बेरजेत २६चा फरक पडतो, तेवढा लक्षात घ्यावा. क्लासेसमध्ये ही रीत फारशी सांगत नाहीत. मला मात्र जागा फिरवलेल्या प्रश्नांत ती सर्वांत भरवशाची वाटते.

देवनागरी अक्षरांचे प्रश्न

शिष्यवृत्ती परीक्षेत आणि मराठी माध्यमातल्या काही भरती परीक्षांत हेच प्रश्न मराठी वर्णमालेवर येतात. रीत तीच, क्रमांकांची ठाणी वेगळी. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग या पाच ओळी एकाखाली एक लिहिल्या, की क १, च ६, ट ११, त १६, प २१ ही पहिल्या उभ्या रांगेतली अक्षरे होतात. एक घर सरकणे म्हणजे उजवीकडचे अक्षर, पाच घरे सरकणे म्हणजे बरोबर खालचे. ‘नगर’चा संकेत ‘पघल’ असेल तर ‘सदन’चा ‘हधप’. येथे ‘न’नंतर ‘प’ येतो, कारण ओळ संपली की पुढच्या ओळीचे पहिले अक्षर घ्यायचे. पाच घरांच्या नियमाने ‘कदम’चा संकेत ‘चबश’ होतो : ‘क’खाली ‘च’, ‘द’खाली ‘ध’ नव्हे तर ‘ब’, आणि ‘म’ २५वा असल्यामुळे ३०वे अक्षर ‘श’.

‘य’पासून पुढे वर्ग उरत नाहीत, तेथे क्रम सरळ पाठ असावा लागतो : य २६, र २७, ल २८, व २९, श ३०, ष ३१, स ३२, ह ३३, ळ ३४, क्ष ३५, ज्ञ ३६. ङ आणि ञ मोजायला विसरणे ही येथली नेहमीची चूक आहे. काही प्रश्नपत्रिका वर्णमालेचा क्रम प्रश्नासोबत छापतात. तसा छापला असेल तर आपल्या पाठ क्रमाऐवजी छापलेलाच क्रम धरावा. काना, मात्रा, वेलांटी बहुतेक प्रश्नांत जागच्या जागी राहतात. बदलत असतील तर त्यांच्यासाठी फरकाची स्वतंत्र ओळ मांडावी.

परीक्षेच्या खोलीत

कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तर परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांना ६० मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद. रेल्वेच्या एनटीपीसी, म्हणजे बिगर-तांत्रिक पदांच्या, परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे ५४ सेकंद. एवढ्या वेळात ओळ कशी मांडायची, ही नवख्या उमेदवाराची शंका रास्त आहे. क्रमांक तोंडी असतील तर पाच-सहा अक्षरांची ओळ मांडायला दहा-बारा सेकंद पुरतात. वेळ जातो तो बोटांवर मोजण्यात आणि चुकीचा नियम लावून झाल्यावर परत फिरण्यात.

वेळ वाचवायचा असेल तर तो उत्तर काढताना वाचवावा. नियम शोधताना शेवटच्या अक्षरापर्यंत जायचे, पण उत्तराचे प्रत्येक अक्षर काढण्याची गरज नसते. नियम पक्का झाला की चारही पर्याय उभे वाचावेत : चौघांचे पहिले अक्षर एकच असेल तर ते काढून काय मिळणार? जेथे पर्याय एकमेकांपासून वेगळे होतात ती जागा शोधून फक्त तेथले अक्षर काढावे. बहुधा एक-दोन अक्षरांत तीन पर्याय गळतात. उलटा क्रम, म्हणजे पर्याय पाहून नियमाचा अंदाज बांधणे, हा मात्र टाळावा. गोरेगावच्या उदाहरणात बी-एम-ई-जी-एफ-क्यू-जे हा पर्याय त्याच सापळ्यासाठी ठेवलेला होता.

वजाबाकी, बेरीज, मधले अक्षर, एकूण बेरजेचा भागाकार, या चारही पायऱ्यांनी काही हाती लागले नाही तर प्रश्न खूण करून सोडून द्यावा आणि पुढे जावे. उणे गुण असलेल्या परीक्षेत, उदाहरणार्थ एनटीपीसीत, जेथे चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापला जातो, दोन पर्यायही गाळता आले नसतील तर उत्तर कोरे ठेवणेच मी सुचवेन. उणे गुण नसतील तर अर्थातच काहीतरी नोंदवावे. ही पद्धत परीक्षेगणिक वेगळी असते, म्हणून अर्ज भरतानाच जाहिरातीतली गुणपद्धती वाचून ठेवावी.

शेवटी, सगळे नीट करूनही दोन उत्तरे बरोबर निघतील असे प्रश्न अधूनमधून येतात, त्याबद्दल. माहीम, म्हणजे एम-ए-एच-आय-एम, याचा संकेत एन-झेड-आय-एच-एन दिला असेल तर फरक +१, −१, +१, −१, +१ येतात. शब्दही व्यंजन, स्वर, व्यंजन, स्वर, व्यंजन असाच आहे, आणि गोरेगावातल्या सातव्या अक्षरासारखा निर्णय देणारा साक्षीदार येथे नाही. जागेचा नियम धरला तर ठाण्याचा संकेत यू-जी-बी-एम-एफ होतो, स्वर-व्यंजनांचा धरला तर यू-आय-झेड-ओ-डी. पर्यायांत यांपैकी एकच असेल तर तो निवडावा आणि पुढे जावे. दोन्ही असतील तर प्रश्नच सदोष आहे. तेव्हा साधा वाटणारा, म्हणजे एकाआड एक जागांचा, नियम धरून उत्तर नोंदवावे आणि प्रश्नाचा क्रमांक लक्षात ठेवावा. उत्तरतालिका जाहीर झाल्यावर हरकत घेण्याची मुदत मिळत असेल, तर हरकतीत ‘प्रश्न चुकीचा आहे’ एवढेच लिहू नये. दोन्ही नियम, दोन्ही फरकांच्या ओळी आणि त्यांतून निघणारी दोन्ही उत्तरे पर्याय क्रमांकांसह मांडावीत, म्हणजे तपासणाऱ्याला दोन मिनिटांत पडताळता येईल.